बाणांच्या आकृतीत काळ कुठे आहे?

उच्च माध्यमिक वर्गांच्या जीवशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत एक आकृती हमखास असते. पेशीच्या बाहेर एक छोटा गोळा, त्यावर लिहिलेले 'संप्रेरक'. पेशीपटलात रुतलेला एक खोबणीचा आकार, तो 'ग्राही'. तिथून आत जाणारा एक बाण, त्याच्या टोकाशी 'सायक्लिक एएमपी', पुन्हा बाण, मग 'प्रोटीन कायनेज', आणि शेवटच्या बाणापुढे एका चौकटीत 'परिणाम'. विद्यार्थी ही आकृती पाच मिनिटांत पाठ करतात आणि परीक्षेत दोन मिनिटांत काढतात. याच आकृतीची थोरली भावंडे संशोधनाच्या नियतकालिकांत भेटतात, आणि प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या कंपन्या भिंतीवर लावायला जे गुळगुळीत तक्ते पाठवतात, त्यांवर तर शेकडो बाणांचे जाळे असते. तक्ता जितका गुंतागुंतीचा, तितका विषय आपल्याला अधिक समजला आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो.

या आकृतीची येथे आम्ही थोडी कठोर परीक्षा करणार आहोत. ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. तिच्यातील प्रत्येक पायरीमागे उत्तम दर्जाचे प्रयोग आहेत. आमची तक्रार वेगळी आहे: या आकृतीत बाण आहेत, पण घड्याळ नाही. बाण एकदा सुटला की परिणाम झाला, एवढेच ती सांगते. तो परिणाम किती वेळ टिकला, तो पुसला कोणी, आणि पुसलाच गेला नाही तर पुढे काय होते, याबद्दल ती मौन पाळते. ही उणीव केवळ पाठ्यपुस्तकापुरती असती तर आम्ही लेख लिहिला नसता. हृदयविकाराच्या उपचारांत याच उणिवेने भलभलत्यांना चकवले आहे आणि त्याची झळ रुग्णांना बसली आहे.

आकृतीचा जन्म यकृताच्या लगद्यात झाला. १९५० च्या दशकात अर्ल सदरलँड हे अमेरिकन शास्त्रज्ञ एक साधा प्रश्न सोडवत होते: ॲड्रिनलिनमुळे यकृतातील ग्लायकोजेनचे ग्लुकोज होते, ते कसे? त्यांना आढळले, की ॲड्रिनलिन स्वतः पेशीच्या आत जातच नाही. त्याच्या येण्याने पेशीत एक लहानसा रेणू तयार होतो आणि पुढचे काम तो करतो. हाच सायक्लिक एएमपी. या शोधाबद्दल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास सिॲटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी दाखवले, की स्नायूतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला फॉस्फेटचा गट जोडला की कामाला लागते आणि फॉस्फेट काढला की थंडावते. एटीपीवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवणारी जी विकरे, ती प्रोटीन कायनेज. चिकटवलेला फॉस्फेट काढून टाकणारी विकरे वेगळी, ती फॉस्फटेज. फॉस्फेटवर ऋण विद्युतप्रभार असतो. तो येऊन बसला की प्रथिनाची घडी बदलते आणि घडी बदलली की वागणूक बदलते. १९६८ मध्ये क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी सायक्लिक एएमपीने जागे होणारे कायनेज शोधले. त्याला प्रोटीन कायनेज ए म्हणतात. फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल मिळाले. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे ५१८ कायनेज आहेत, हे पुढे २००२ मध्ये मोजले गेले.

फिशर आणि क्रेब्स यांच्या शोधाचा गाभा 'उलटवता येणारा बदल' हा होता. फॉस्फेट जोडणे आणि काढणे, दोन्ही. आकृतीत मात्र जोडणारा बाण तेवढा उरला. काढणारा गळाला. यकृताच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. साखर हवी होती, साखर मिळाली, काम संपले. हृदयाचे काम असे संपत नाही.

हृदयाच्या स्नायुपेशीत काय चालते ते जरा सावकाश पाहू या. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या बाहेरून थोडेसे कॅल्शियम एका छिद्रमार्गाने आत येते. हा थोडासा शिडकावा पेशीतील जाळीदार कोठाराला जागे करतो आणि कोठारातून बरेच कॅल्शियम बाहेर पडते. कॅल्शियमच्या लाटेने स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि पेशी आकुंचते. मग कोठाराच्या भिंतीतील पंप ते कॅल्शियम पुन्हा आत ओढतात आणि पेशी सैलावते. दिवसाकाठी हे सुमारे एक लाख वेळा घडते. पंपाला एक ब्रेक असतो, फॉस्फोलॅम्बन नावाचे छोटे प्रथिन. १९७० च्या दशकात अर्नोल्ड कॅट्झ, मिचिहिको ताडा आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. नावाचा ग्रीक अर्थ 'फॉस्फेट स्वीकारणारे' असा आहे.

आता समजा, कुत्रा मागे लागला. ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन हृदयपेशीवरच्या बीटा ग्राहींना जाऊन मिळतात, सायक्लिक एएमपी वाढतो, प्रोटीन कायनेज ए जागे होते आणि फॉस्फेट वाटत सुटते. छिद्रमार्गातून जास्त कॅल्शियम येते. फॉस्फोलॅम्बनवर फॉस्फेट बसताच ब्रेक सुटतो, पंप जोरात चालतो, पेशी लवकर सैलावते आणि कोठारही अधिक भरते. म्हणून पुढचा ठोका आणखी जोरदार. ट्रोपोनिन नावाचे प्रथिनही कॅल्शियमची पकड लवकर सोडते. जोरात आकुंचन आणि झटपट सैलावणे, दोन्ही एकदम. पळायला याहून सोयीची व्यवस्था सुचणे कठीण.

(जाता जाता: या कथेतला 'छिद्रमार्गावर फॉस्फेट' हा बाण कित्येक दशके आकृत्यांत ठसठशीतपणे काढला जात होता. २०२० मध्ये उंदरांवरील कामातून दिसले, की महत्त्वाचा फॉस्फेट छिद्रमार्गावर नव्हे, तर त्याला आवरून धरणाऱ्या 'रॅड' नावाच्या शेजारच्या प्रथिनावर बसतो. बाण इतका सवयीचा झाला होता, की त्याचे टोक नेमके कुठे आहे हे पक्के व्हायला इतकी वर्षे लागली.)

आता या आकृतीवरून उपचार सुचवायचा तर कोणीही काय सुचवेल? हृदय कमजोर झाले आहे, पंप नीट चालत नाही, पायांवर सूज आहे, दोन पावले टाकली की धाप लागते. हृदयाचा जोर वाढवणारा रस्ता आपल्याला पाठ आहे: सायक्लिक एएमपी वाढवा, कायनेज जागे करा. सायक्लिक एएमपी तोडणारे एक विकर पेशीत असते; ते अडवले की सायक्लिक एएमपी आपोआप साठतो. मिलरिनोन हे औषध नेमके हेच करते. शिरेतून दिले की काही वेळातच हृदयाचा जोर वाढलेला यंत्रावर दिसतो. मग त्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या तर?

ही चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र हृदय-अकार्यक्षमतेचे १०८८ रुग्ण होते. काहींना मिलरिनोनची गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे सहा महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण मिलरिनोन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त होते. सर्वांत जास्त आजारी, म्हणजे ज्यांना औषधाची सर्वाधिक गरज आहे असे आकृती म्हणत होती, त्यांच्यात हानी सर्वांत अधिक होती.

येथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी. औषध निकामी ठरले नव्हते. त्याने आकृतीतला प्रत्येक बाण अगदी आज्ञाधारकपणे पार पाडला. सायक्लिक एएमपी वाढला, कायनेज जागे झाले, हृदयाचा जोर वाढला, आणि रुग्ण दगावले. थकलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावले झपाट्याने टाकतो. त्यावरून पराणी हे बैलाचे खाद्य आहे असा निष्कर्ष कोणी शेतकरी काढणार नाही. शेतकऱ्याला जे कळते ते आकृतीला कळत नाही, कारण शेतकरी संध्याकाळपर्यंत बैलाबरोबर असतो.

आता दुसरी बाजू. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे फिन वॉगस्टाइन, ओके ह्याल्मार्सन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक छोटा अहवाल प्रसिद्ध केला. स्नायूच्या आजाराने हृदय मोठे आणि कमजोर झालेल्या सात रुग्णांना त्यांनी बीटा ग्राही अडवणारी औषधे दिली होती. ही औषधे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयशूळासाठी घडवली होती आणि त्याबद्दल ब्लॅक यांना पुढे १९८८ चे नोबेल मिळाले. पण कमजोर हृदयासाठी ती वर्ज्य मानली जात. आकृतीप्रमाणे ते बरोबरच होते: आधीच जोर कमी, त्यात जोर वाढवणारा रस्ताच बंद करायचा? गॉथेनबर्गच्या रुग्णांना मात्र बरे वाटू लागले होते.

सात रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. तरीही हा अहवाल बराच काळ बाजूला राहिला, त्याचे कारण रुग्णांची संख्या एवढेच नव्हते. कल्पनाच आकृतीच्या विरुद्ध होती. निर्णायक उत्तर मिळायला १९९९ साल उजाडले. एका चाचणीत २६४७ रुग्णांपैकी बिसोप्रोलॉल घेणाऱ्यांत १५६ मृत्यू झाले, तर न घेणाऱ्यांत २२८. दुसऱ्या चाचणीत ३९९१ रुग्ण होते. मेटोप्रोलॉलने मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. या दोन्ही चाचण्याही वेळेआधीच थांबवल्या गेल्या, या वेळी कारण उलटे होते: ज्यांना औषध मिळत नव्हते त्यांना आणखी वंचित ठेवणे अयोग्य ठरले असते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणीतरी आज ही गोळी घेत असेल. तिची सुरुवात कशी होते हे पाहण्यासारखे आहे. अगदी लहान मात्रा, मग काही आठवड्यांनी थोडी वाढ, मग आणखी थोडी. पहिल्या दिवसांत काही रुग्णांना उलट जास्त थकल्यासारखे वाटते. हृदयाच्या जोरातली सुधारणा दिसायला महिने लागतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात मोजमाप करून निकाल लावला असता, तर हे औषध नापास आणि मिलरिनोन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले असते. (ही गोळी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणे धोक्याचे असते, हेही सांगून ठेवतो.) आणि मिलरिनोन? अतिदक्षता विभागात, शिरेतून, थोड्या काळासाठी ते आजही वापरले जाते. रेणू तोच, कायनेज तेच. तास आणि महिने यांतला फरक तेवढा निर्णायक.

असे का होते, याचा उलगडा बराचसा झाला आहे. कमजोर हृदयाच्या माणसाचे शरीर रक्तप्रवाह टिकवण्यासाठी आपणहून नॉरॲड्रिनलिन ओतत असते. रक्तातील त्याचे प्रमाण जितके जास्त तितके रुग्णाचे आयुष्य कमी, हे १९८४ मध्येच दिसले होते. त्याआधी १९८२ मध्ये मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी निकामी झालेल्या मानवी हृदयांत बीटा ग्राहींची संख्या निम्म्याच्या आसपास उतरल्याचे दाखवले होते. या घटीचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. आकृती मानणारा म्हणेल, ग्राही कमी झाले म्हणून जोर कमी झाला, तेव्हा संदेश आणखी मोठ्याने द्या. दुसरा म्हणेल, रात्रंदिवस कानाशी ओरडणाऱ्यापासून वाचण्यासाठी हृदय स्वतःच कानांवर हात ठेवत आहे. हे कानावर हात ठेवण्याचे काम करणारे विकरही कायनेजच आहे, जीआरके-२ नावाचे. ते ग्राहीवरच फॉस्फेट बसवून त्याला गप्प करते. म्हणजे 'कायनेज हृदयाचा जोर वाढवते' हे वाक्यदेखील कोणते कायनेज हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

आणखी एक कायनेज येथे महत्त्वाचे आहे. कॅल्शियम वाढले की ते जागे होते. नाव लांबलचक आहे, संशोधक त्याला 'कॅमके-२' म्हणतात. त्याची गंमत अशी, की जागे झाल्यावर ते स्वतःच्याच अंगावर फॉस्फेट बसवते आणि मग कॅल्शियम ओसरल्यानंतरही जागेच राहते. म्हणजे या रेणूला एक प्रकारची आठवण आहे. २००३-०४ च्या सुमारास प्राण्यांच्या हृदयपेशींवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की बीटा ग्राहीला सतत चेतवत ठेवले तर सुरुवातीला प्रोटीन कायनेज ए ची कामगिरी दिसते, पण तासन्‌तास चेतना चालू राहिली की सूत्रे कॅमके-२ कडे जातात आणि पेशी मरण्याची शक्यता वाढते. संप्रेरक तेच, ग्राही तोच. काळ बदलला की बाणाची दिशा बदलते. कागदावरच्या बाणाने हे दाखवायचे कसे?

काळाइतकीच जागाही आकृतीतून गळालेली आहे, पण ती थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुमारास लॉरेन्स ब्रंटन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या हृदयावर दोन वेगवेगळे पदार्थ वापरून सायक्लिक एएमपी वाढवला. एकाने हृदयाचा जोर वाढला, दुसऱ्याने वाढला नाही. सायक्लिक एएमपी दोन्हींत वाढलेलाच होता, फक्त पेशीत वेगळ्या ठिकाणी. पेशी म्हणजे सगळे काही विरघळलेले पातळ वरण नव्हे. कायनेज ठरावीक जागी नांगरलेले असते आणि त्याच्या आजूबाजूला सायक्लिक एएमपी तोडणारी विकरे कुंपणासारखी उभी असतात.

मग औषध शोधणाऱ्यांना फॉस्फोलॅम्बनचा मोह पडला. कायनेजच्या भानगडीत न पडता पंपाचा ब्रेकच काढून टाकला तर? १९९४ मध्ये एव्हांजेलिया क्रानियास यांच्या प्रयोगशाळेत फॉस्फोलॅम्बन नसलेले उंदीर तयार झाले. त्यांची हृदये जोमदार होती आणि उंदीर ठणठणीत. पण २००३ मध्ये त्याच प्रयोगशाळेच्या सहभागाने माणसांतील उदाहरण पुढे आले. एका कुटुंबातील दोन व्यक्तींना आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेले जनुक मिळाले होते, म्हणजे त्यांच्या हृदयात हा ब्रेक जवळजवळ नव्हताच. दोघांचीही हृदये मोठी होऊन निकामी झाली आणि एकाचे सोळाव्या, दुसऱ्याचे सत्ताविसाव्या वर्षी हृदयारोपण करावे लागले. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते. ते जवळजवळ पूर्ण वेगानेच पळत असते. माणसाचे हृदय बहुतेक वेळ आरामात चालते आणि गरजेपुरते पळते. त्याला राखीव ताकद लागते आणि राखीव ताकद म्हणजेच ब्रेक. उंदराची आणि माणसाची आकृती काढायला बसलो तर ती एकसारखीच निघते.

कायनेजविषयीच्या लोकप्रिय लेखनात 'स्विच' हा शब्द फार आवडीचा आहे. बिघडलेला स्विच शोधा, तो बंद करा, आजार बरा. ही भाषा कर्करोगाच्या एका झळझळीत यशातून आली. एका प्रकारच्या रक्तकर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक नवेच कायनेज तयार होते आणि ते कायमचे चालू राहते. इमॅटिनिब हे औषध ते अडवते. २००१ पासून ते उपलब्ध आहे आणि त्याने या रोगाचे स्वरूपच पालटले. तिथे स्विच खरोखर बिघडलेला होता. हृदय-अकार्यक्षमतेत बहुधा तसे नसते. तिथली कायनेज बिघडलेली नसतात. ती आपापले नेमून दिलेले काम बिनचूक करत असतात. संकट काही मिनिटांचे असेल या हिशेबाने उत्क्रांत झालेली व्यवस्था वर्षानुवर्षे चालू राहते, एवढाच बिघाड. बिघाड नसलेला स्विच बंद करण्यात काय साधेल, हे आधीपासून सांगता येत नाही.

आणि तसा अनुभवही आला. पी-३८ नावाचे एक कायनेज हृदयविकाराच्या झटक्यानंतर दाह वाढवते. ते अडवणाऱ्या लॉस्मापिमोड या औषधाने, आधीच्या एका लहान चाचणीत, रक्तातील दाहाचे निदर्शक पहिल्या दिवसांत कमी झालेले दिसले होते. पुढे ३५०३ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. बारा आठवड्यांत मृत्यू, पुन्हा झटका किंवा तातडीने रक्तवाहिनी मोकळी करावी लागणे, यांपैकी काहीतरी औषध न घेणाऱ्यांत ७ टक्के जणांना झाले आणि घेणाऱ्यांत ८.१ टक्के जणांना. फरक योगायोगाने पडण्याइतकाच, पण फायदा नाही हे स्पष्ट. झटक्यानंतर स्नायूची हानी कमी व्हावी म्हणून प्रोटीन कायनेज सी च्या एका प्रकाराला अडवणारे औषध हजाराहून अधिक रुग्णांना देऊन पाहिले गेले. प्राण्यांत ते छान चालले होते, माणसांत २०१४ मध्ये ते अपयशी ठरले. कॅमके-२ नसलेले उंदीर हृदयावरचा ताण चांगला सोसतात हे २००९ मध्ये कळले, पण त्यातून हृदयासाठी एकही औषध अद्याप बाजारात आलेले नाही.

उलट बाजूने मात्र एक धडा अनपेक्षितपणे मिळाला. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध हर-२ नावाच्या ग्राहीला अडवते. हा ग्राही स्वतःच एक कायनेज आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे औषध अँथ्रासायक्लिन गटातील जुन्या औषधाबरोबर दिले तेव्हा २७ टक्के स्त्रियांत हृदयाचे काम बिघडले. जुन्या औषधाच्या उपचाराने एकट्याने हे प्रमाण ८ टक्के होते. हृदयाचा विचार कर्करोगाच्या आकृतीत कोणी केला नव्हता. पुढच्याच वर्षी उंदरांच्या हृदयातून हर-२ काढून टाकल्यावर ती हृदये कमजोर होताना दिसली. ज्याला गाठीत खलनायक मानले ते हृदयात रोजची डागडुजी करत होते. आता हे औषध देताना हृदयाची वेळोवेळी सोनोग्राफी केली जाते, आणि दोन औषधे एकदम देणे टाळतात.

शिक्षक यावर म्हणतील, की हे सारे अकरावी-बारावीच्या मुलांना सांगायचे तर पाठ संपणार कधी? सोपे करूनच सांगावे लागते. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर आकृतीत आणखी बाण भरणे हा उपाय मुळीच नाही. भिंतीवरच्या शंभर बाणांच्या तक्त्यातही घड्याळ नसतेच. तो फक्त जास्त दमवतो. आम्हाला वाटते, आहे तीच पाच बाणांची आकृती ठेवावी, पण फळ्यावर ती काढून झाली की मुलांना तिच्याकडे परत पाठवावे. हा फॉस्फेट बसला, तर काढला कोणी? काढलाच नाही तर? सायक्लिक एएमपी कुठे तयार झाला, आणि तिथून किती लांब गेला?

यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास नसलेल्या मुलांना दोन मिनिटे जागच्या जागी उड्या मारू द्या. थांबल्यावर दर अर्ध्या मिनिटाने पंधरा सेकंद नाडी मोजायला लावा आणि दहा मिनिटांचा आलेख काढून घ्या. आलेख चढतो कसा हे सगळे सांगतील, कारण ते पुस्तकात आहे. तो उतरतो कसा, हे विचारा. हृदयाचा वेग आवरणारी व्हेगस मज्जा पुन्हा लगाम हाती घेते, हे मोठे कारण. रक्तातील ॲड्रिनलिन काही मिनिटांत नाहीसे होते, पेशीतला सायक्लिक एएमपी तोडला जातो आणि फॉस्फटेज एकेक फॉस्फेट खुडून काढतात. उतरणारी रेघ ही सुद्धा तितकीच कष्टाची कमाई आहे आणि पुस्तकातल्या आकृतीत तिच्यासाठी एकही बाण नाही, हे मुलांनी स्वतः शोधून काढले तर उत्तमच.

परीक्षेसाठी आम्ही एक प्रश्न सुचवतो. 'नॉरॲड्रिनलिनच्या सततच्या माऱ्याचा हृदयाच्या स्नायुपेशीवर (अ) दहा मिनिटांनी आणि (आ) दहा महिन्यांनी काय परिणाम दिसेल? दोन्ही उत्तरांसाठी एकच आकृती चालेल का?' पहिल्या भागाचे उत्तर बहुतेकांना येईल. दुसऱ्याचे उत्तर तीन ओळींत मावणार नाही, त्याला किती गुण ठेवायचे ते शिक्षकांनी ठरवावे.